दुसऱ्या बाजूचा गडी

२०१४ च्या दिवाळीत आईनं सांगलीहून पाठवलेला फराळ कोलंबसला बरोबर लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पोचला. चकल्यांचा निम्मा चुरा झाला होता, चिवडा मात्र शाबूत होता. संध्याकाळी शिकवणीला जाताना एका डब्यात थोडं थोडं भरून घेतलं. समोर बसणारा मुलगा वजनानं शंभर किलोच्या वर आणि पहाटेपासून अंग मोडून आलेला. त्यानं डब्यात डोकावून पाहिलं, वास घेतला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला.

"नाही चालणार, डॉक. मी हे खाल्लं तर लेखी कळवावं लागेल."

मी हसलो. मग आठवलं, कामावर रुजू होताना त्या नियमांखाली मीच सही केली होती. खेळाडूला शिकवणाऱ्यानं त्याच्या गृहपाठाची एक ओळही लिहायची नाही, त्याला गाडीतून सोडायचं नाही, कॉफी पाजायची नाही, खायला काही द्यायचं नाही. ओहायो स्टेट विद्यापीठात हे नियम जरा जास्तच जपून पाळले जात, कारण दुधानं तोंड पोळलेलं होतं. काही वर्षांपूर्वी तिथल्या फुटबॉलपटूंनी मिळालेली पदकं-चिन्हं देऊन बदल्यात अंगावर गोंदवून घेतलं होतं. ते प्रकरण एवढं वाढलं की २०११ मध्ये प्रशिक्षकाला जावं लागलं. २०१२ मध्ये संघानं बाराच्या बारा सामने जिंकले, तरी शिक्षेपोटी हंगामानंतरच्या सामन्यांची दारं त्याला बंदच राहिली. त्यामुळे २०१४ मध्ये ताकही फुंकून पिणं चालू होतं, आणि माझी चकली म्हणजे ताकच.

गंमत अशी की त्याच ऑगस्टपासून देशाच्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेनं नियम सैल करून विद्यापीठांना खेळाडूंना हवं तितकं खायला घालायची मुभा दिली होती. विद्यापीठानं हंडाभर खाऊ घातलं तरी चालणार होतं. मी घातलेलं चालणार नव्हतं. डबा तसाच घरी परत आला.

मी तिथं संख्याशास्त्रात पीएच. डी. करत होतो. परदेशी विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासच काम करता येतं. माझे दहा तास विभागात जात, उरलेले दहा मी या शिकवणीला लावले होते. या मुलालाही वीस तासांचाच नियम होता. खेळाडूकडून आठवड्याला वीस तासांहून जास्त सराव करून घ्यायचा नाही, असं संघटनेचं बंधन. पण देशभर कुठंही विचारा, 'ऐच्छिक' म्हणून केलेला व्यायाम त्यात धरत नाहीत आणि दुखऱ्या गुडघ्यावरचे उपचारही धरत नाहीत. माझे वीस तास घड्याळाचे होते, त्याचे कागदावरचे.

त्याचं नाव मी लिहिणार नाही. मनात मी त्याला पैलवान म्हणायचो. तो 'वॉक-ऑन' होता, म्हणजे शिष्यवृत्ती नसलेला, स्वतःची फी भरून संघात आलेला. अमेरिकेत पहिल्या फळीच्या फुटबॉल संघाला तेव्हा जास्तीत जास्त ८५ शिष्यवृत्त्या देता येत. संघात त्याहून बरीच जास्त मुलं असत, आणि ही वरची मुलं बहुतेक आयुष्यभर आठवणीत ठेवण्यासाठी खेळत, मैदानावर दिसण्यासाठी नाही.

माझं फुटबॉल म्हणजे पायानं खेळायचं. त्यामुळे पहिले दोन आठवडे शिकवणी उलटी चालली. पैलवाननं फळ्यावर रेघा मारून सांगितलं: चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं. सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्याचा. चेंडू शेवटच्या रेषेपार नेला की टचडाउन, म्हणजे सहा गुण, त्यावर लाथ मारून एक जादा. "आणि तू काय करतोस?" मी विचारलं. "मी दुसरा संघ असतो," तो म्हणाला.

मला नीट कळलं नाही. त्यानं समजावलं. शनिवारी ज्यांच्याशी सामना, त्यांच्या चाली आपल्या मुलांना आठवडाभर आधी डोळ्यांनी दिसायला हव्यात. मग राखीव मुलांचा एक संघ त्या प्रतिस्पर्ध्याचं सोंग घेतो. प्रशिक्षक पुठ्ठ्यावर काढलेली चाल वर धरतो, ही मुलं ती तशीच्या तशी करतात, आणि आपले मुख्य खेळाडू त्यांना आडवं करायला शिकतात. पैलवान बचावफळीत, मधल्या रांगेत. आठवडाभर तो समोरच्या संघाचा तो खेळाडू असायचा, आणि इझिकिएल इलियट नावाचा धावपटू त्याच्या अंगावरून जायचा. मंगळवारी आणि बुधवारी तो यायचा तेव्हा त्याच्या दंडावर नवे निळे डाग असायचे. पेन काही वेळ डाव्या हातात धरायचा.

लहानपणी मामा मला सांगलीत तालमीत न्यायचा. तिथं एक जण होता, मैदानाच्या आधी महिनाभर मोठ्या पैलवानाला जोड द्यायचा. रोज वीस-पंचवीस वेळा चितपट व्हायचा, उठून लंगोट झटकायचा, पुन्हा हात मिळवायचा. मैदानाच्या पत्रकावर त्याचं नाव कधी छापून आलं नाही. खुराकाचे पैसे तेवढे वस्ताद द्यायचे. पैलवानला ही गोष्ट सांगितली तर त्यानं एकच विचारलं, "रोज दूध मिळायचं त्याला?"

हंगामाची सुरुवात वाईट झाली. मुख्य क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हातात घेऊन चाल चालवणारा, ब्रॅक्स्टन मिलर ऑगस्टमध्येच खांद्याच्या दुखापतीनं बाहेर गेला. त्याच्या जागी आलेला जे. टी. बॅरेट पहिल्या वर्षाचा पोर. ६ सप्टेंबरच्या रात्री घरच्याच मैदानावर व्हर्जिनिया टेकनं ३५-२१ नं हरवलं. बॅरेटला सात वेळा चेंडूसकट खाली पाडलं, तीन वेळा त्याचा पास मधल्या मध्ये झेलला. माझी खोली मैदानापासून पंधरा मिनिटांच्या चालीवर होती. १९२२ साली बांधलेलं ते घोड्याच्या नालेच्या आकाराचं स्टेडियम, लाखाहून जास्त माणसं मावणारं. एरवी शनिवारी त्याचा आवाज माझ्या खिडकीची तावदानं हलवायचा. त्या रात्री लाख माणसं रस्त्यानं घरी जात होती आणि कुणी बोलत नव्हतं.

सोमवारी पैलवान आला तो वही उघडूनच. "मागच्या आठवड्यात मी व्हर्जिनिया टेक होतो," म्हणाला. "बहुतेक नीट झालो नाही."

त्यानंतरचे सामने संघ जिंकत गेला. पेन स्टेटच्या मैदानावर दोनदा जादा डाव खेळावे लागले, ३१-२४. मिशिगन स्टेटला त्यांच्या घरी ४९-३७. हे सगळं वर्तमानपत्रात आहे, त्यात मी काय भर घालणार? परगावच्या सामन्यांना पैलवान जात नसे. शनिवारी तो खोलीवर बसून सामना बघायचा आणि समोरच्यांनी एखादी चाल केली की, तो म्हणायचा, आपल्याला ती आधीच पाठ असते.

मिशिगनचा आठवडा मात्र वेगळा. ओहायोत मिशिगनचं नाव घेत नाहीत, 'वरच्या अंगाचा तो संघ' म्हणतात. त्या आठवड्यात विद्यापीठभर पाट्यांवरच्या प्रत्येक एम अक्षरावर लाल पट्टीची फुली मारतात. माझ्या नावाची सुरुवातच त्या अक्षरानं. शिकवणीच्या खोलीबाहेरच्या यादीत माझ्या नावावर फुली पडलेली बघून मला क्षणभर वाटलं, नोकरी गेली.

२९ नोव्हेंबरच्या त्या सामन्याला माझ्याकडे विद्यार्थ्यांचं तिकीट होतं. घरच्या सामन्यांना राखीव मुलंही गणवेश घालून कडेला उभी असतात, म्हणून मी चेंडूपेक्षा कडेकडेच जास्त बघत होतो. २८-२१ अशी आघाडी होती, चौथा आणि शेवटचा भाग नुकताच सुरू झाला, आणि बॅरेट पडला. घोटा मोडला होता. एवढ्या मोठ्या गर्दीत असा शांतपणा मी पुन्हा अनुभवला नाही. मिशिगनचा क्वार्टरबॅक डेव्हिन गार्डनर आपल्या बाजूकडून चालत आला आणि बॅरेटजवळ गुडघ्यावर बसून त्याच्याशी बोलला. ज्यांचं नाव घ्यायचं नाही त्यांच्यातला एक असं वागला, हे मला सामन्यातल्या कुठल्याही गुणापेक्षा जास्त लक्षात राहिलं. ४२-२८ नं जिंकलो. आता दोन क्वार्टरबॅक जायबंदी आणि तिसरा उरला, कार्डेल जोन्स, क्रमांक १२. क्रिकेटमध्ये वाढलेल्या माणसाला हा आकडा बघून जे वाटायचं तेच मला वाटलं: बारावा गडी.

जिंकल्याचा आनंद एक दिवसही टिकला नाही. त्या आठवड्यात संघातला एक विद्यार्थी बेपत्ता झाला होता, तोही वॉक-ऑनच. रविवारी त्याचा मृतदेह सापडला. डोक्याला बसलेल्या मारांबद्दल त्यानं घरच्यांना कळवलं होतं, असं बातम्यांत आलं. त्याचा क्रमांक ५३. पुढच्या सामन्यापासून हंगाम संपेपर्यंत संघाचा एक कर्णधार मायकेल बेनेट यानं आपला ६३ सोडून ५३ क्रमांक अंगावर घातला.

मंगळवारी पैलवान वेळेवर आला. वही काढली नाही. आम्ही तासभर बसलो. मध्ये मी एकदा पाणी आणून दिलं. पाणी चालतं की नाही, हे मी पाहिलं नाही.

गुरुवारी त्याचा पुढचा धडा होता, शक्यतांचा गुणाकार. मी मुद्दाम संघाचंच उदाहरण घेतलं. त्या वर्षी पहिल्यांदाच चार संघांची बाद फेरी सुरू झाली होती. कोणते चार, हे एक निवड समिती ठरवणार. ओहायो स्टेट पाचवा होता, म्हणजे दाराबाहेर. शनिवारी विभागाच्या अंतिम सामन्यात विस्कॉन्सिन, आणि जाणकारांच्या मते विस्कॉन्सिन थोडं वरचढ. मी फळ्यावर चार घटना लिहिल्या. विस्कॉन्सिनला हरवणं, समजा ०.४. समितीनं निवडणं, ०.५. उपांत्य सामना, ०.३. अंतिम सामना, ०.३५. हे आकडे माझ्या मनचे, गणितापुरते. त्यानं गुणाकार केला. ०.०२१. शंभरात दोन.

तो आकड्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आधीच मोडलेल्या पोराला हे कशाला दाखवलं? मग त्यानं खडू घेतला आणि पहिल्या दोन घटनांमध्ये एक बाण काढला.

"यांचा गुणाकार असा कसा करतोस? आपण त्यांना खूप मोठ्या फरकानं हरवलं तर समिती निवडण्याची शक्यता अर्धीच राहील का? एकीचा परिणाम दुसरीवर होतो. तूच म्हणालास, तसं असेल तर नुसता गुणाकार चालत नाही."

घटना एकमेकींपासून स्वतंत्र नसतात तेव्हा काय करायचं, हा पुढच्या प्रकरणाचा विषय होता. दहा वर्षं मी शिकवतोय. इतक्या नेमक्या जागी बोट ठेवणारे विद्यार्थी मला फार भेटलेले नाहीत, आणि भेटले त्यांतल्या कुणाचा खांदा बर्फाच्या पिशवीत नव्हता.

शनिवारी इंडियानापोलिसला संघ ५९-० नं जिंकला. विस्कॉन्सिनच्या मेल्विन गॉर्डननं त्या हंगामात दोन हजारांवर यार्ड काढले होते. त्या रात्री त्याला २६ धावांत मिळून ७६ यार्डांवर रोखलं. आठवडाभर बचावफळीसमोर गॉर्डनचं सोंग घेऊन पळणारा जो कुणी पोरगा होता, त्याचं नावही कुठं आलं नाही. रविवारी समितीनं यादी लावली: अलाबामा, ओरेगॉन, फ्लोरिडा स्टेट आणि चौथं ओहायो स्टेट. तिसऱ्यावर असलेलं टीसीयू आपला सामना ५५-३ नं जिंकूनही सहावं गेलं. टीसीयूवाल्यांचा राग मला आजही रास्त वाटतो. पण पैलवानचा बाण खरा ठरला होता, आणि मी पक्षपाती होतो.

नव्या वर्षाच्या पहिल्या तारखेला रात्री न्यू ऑर्लिन्सला अलाबामाशी उपांत्य सामना होता. मी डब्लिन या कोलंबसच्या उपनगरात एका मराठी कुटुंबाकडे जेवायला गेलो होतो. श्रीखंड-पुरी, आणि टीव्हीसमोर पाच-सहा काका, ज्यांतले निम्मे माझ्याकडून नियम शिकले. २१-६ नं मागे असताना एक काका झोपायला गेले. नंतर इलियट ८५ यार्ड एकटा पळाला तेव्हा घरात जो आरडाओरडा झाला त्यानं ते उठून आले आणि विचारू लागले, "कोण आउट झालं?" ती धाव दहा वेळा दाखवली. मी त्यांना दाखवलं, इलियटसाठी वाट मोकळी करणारा इव्हान स्पेन्सर बघा, चेंडू त्याच्या हातात नाहीच. ४२-३५.

१२ जानेवारीला टेक्सासमध्ये अंतिम सामना ओरेगॉनशी. त्यांचा क्वार्टरबॅक मार्कस मारिओटा त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. ओहायो स्टेटनं चार वेळा चेंडू गमावला, तरी ४२-२० नं जिंकले. इलियटचे २४६ यार्ड, चार टचडाउन. कार्डेल जोन्सचा मुख्य खेळाडू म्हणून तो आयुष्यातला तिसरा सामना. हंगामानंतरच्या अशा सामन्यांना राखीव मुलंही जातात. कॅमेरा एकदा कडेवरून फिरला तेव्हा टॉवेल खांद्यावर टाकलेला पैलवान मला अर्धा सेकंद दिसला असं मी शपथेवर सांगीन. बहुधा दुसरंच कुणी असेल.

त्या रात्री हाय स्ट्रीटवर हजारो पोरं उतरली, ठिकठिकाणी आगी पेटल्या, पोलिसांनी अश्रुधूर सोडला. काही जण स्टेडियमचं कुलूप चुकवून आत शिरले आणि गोलचे खांब पाडले. माझ्या खोलीपर्यंत धुराचा वास आला. मी खिडकी लावून घेतली आणि बसून प्रबंधाचं तिसरं प्रकरण उघडलं. एक ओळही झाली नाही.

या सगळ्यात पैशाचं बोलणं टाळता येत नाही. प्रशिक्षक अर्बन मायर यांना वर्षाला चाळीस लाख डॉलरहून जास्त मिळत. टीव्हीचे करार कोटींचे. खेळणाऱ्याला शिष्यवृत्ती, आणि पैलवानसारख्याला तीही नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्येच कॅलिफोर्नियातल्या एका न्यायाधीशांनी या व्यवस्थेवर बोट ठेवणारा निकाल दिला. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं आणखी एक दिला, आणि २०२५ पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. ते योग्यच झालं. या पैशानं खेळ नासला, असं म्हणणारे मला भेटतात तेव्हा मी त्यांना डब्याची गोष्ट सांगतो. सगळ्यांच्या पंगती उठत होत्या आणि ज्याच्या जिवावर त्या उठत होत्या त्याला चकली घ्यायची चोरी होती. तो खेळ शुद्ध होता असं मला तरी म्हणवत नाही.

पण हेही खरं की पैलवानला हे विचारलं असतं तर त्यानं खांदे उडवले असते. जानेवारीत तो एकदा कागदपत्रं द्यायला आला तेव्हा मी विचारलं, चार वर्षांत एक मिनिटही मुख्य सामन्यात खेळला नाहीस, वाईट वाटत नाही? मला वाटत होतं की वाटत असणार. त्यानं थोडा विचार केला. "मारिओटासमोर आमची बचावफळी गोंधळली नाही," म्हणाला. "म्हणजे आम्ही बऱ्यापैकी ओरेगॉन झालो होतो."

अंतिम सामन्याचा अधिकृत तक्ता मी नंतर उतरवून घेतला. कोण किती यार्ड पळालं, कुणी किती जणांना पाडलं, शेवटी सामन्यात उतरलेल्या सगळ्यांची यादी. संख्याशास्त्रातल्या माणसाला अशा तक्त्यांची ओढ असते. पैलवान त्यात नाही.

मे महिन्यात त्याच स्टेडियमवर पदवीदान झालं. मला डॉक्टरेट आणि त्याला पदवी, दोघांनाही एकाच सकाळी. आई पहिल्यांदा अमेरिकेला आली होती, बॅगेत भाजणीच्या चकल्या घेऊन. समारंभ संपल्यावर तो गर्दीतून माझ्याकडे आला, काळ्या झग्यात आणखीच मोठा दिसत होता. आई मान वर करून त्याच्याकडे बघत राहिली.

"हाच का रे तो, जिंकलेल्या संघातला? विचार त्याला, कुठल्या जागेवर खेळायचा?"

मी विचारलं. तो म्हणाला, "त्यांना सांग, दर आठवड्याला वेगळा. कधी पेन स्टेट, कधी मिशिगन. मग विस्कॉन्सिन, अलाबामा. शेवटी ओरेगॉन."

मी मराठीत सांगितलं. आईला नावं कळली नाहीत, पण मुद्दा कळला. "म्हणजे समोरच्या बाजूनं?"

"हो."

"मग जिंकलं कोण?"

"आम्ही," तो म्हणाला. हे मला भाषांतर करावं लागलं नाही, कसं कोण जाणे.

आईनं पिशवीतून डबा काढून त्याच्यापुढं धरला. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, आता चालतं. उभ्या उभ्या त्यानं अकरा चकल्या खाल्ल्या.